मागच्या तिघांचं काय झालं?

ऑक्टोबर १९६२ मध्ये ऑक्सफर्डचा एक पदवीधर पीएचडीसाठी केंब्रिजला आला. फ्रेड हॉइल यांच्याकडे काम करायचं, हे त्याने मनाशी ठरवलेलं. ब्रिटनमध्ये विश्वाच्या उत्पत्तीची चर्चा निघाली की तेव्हा हॉइल यांचं नाव आधी निघे. पण विभागाने त्याला दिलं डेनिस शियामा यांच्याकडे. हे नाव त्याने ऐकलेलंही नव्हतं. मुलगा हिरमुसला. तो मुलगा म्हणजे स्टीफन हॉकिंग. झालं ते बरंच झालं, असं पुढे त्यांनीच सांगितलं. हॉइल सतत परदेशी. त्यांची गाठ पडणंच मुश्कील. शियामा मात्र विभागात असत, आणि त्यांच्याशी केव्हाही वाद घालता येई.

गंमत अशी की त्याच काळात, त्याच हॉइल यांच्याकडे जयंत नारळीकरांची पीएचडी झकास चालली होती. १९६१ च्या सुरुवातीला मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी पुढे करून हॉइल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं, पण हॉइल यांनी दुसरीकडे व्याख्यान कबूल केलेलं. त्यांनी नारळीकरांना पाठवलं. संशोधनाला लागून वर्षही न झालेल्या विद्यार्थ्याने भर सभेत बाजू मांडली. गाईड जागेवर नसणं एकाला जाचलं असतं. दुसऱ्याला त्यानेच उभं केलं.

गोष्ट इथे संपत नाही. १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत हॉइल यांनी स्वतःचा आणि नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा श्रोत्यांतून हॉकिंग उठले आणि त्यातली एक राशी अनंत होते, असं म्हणाले. त्यांनी ते गणित आधीच करून पाहिलं होतं, कारण नारळीकरांशी बोलणं होत असल्याने हे काम त्यांना आतून माहीत होतं. ही टीका पुढे हॉकिंग यांच्या थिसिसमध्ये गेली. म्हणजे गाईड शियामा, आणि थिसिसला खाद्य मिळालं दुसऱ्या गाईडच्या विद्यार्थ्याकडून. ग्रुप म्हणतात तो हा. त्यात गाईड असतो, सिनिअर असतात, शेजारच्या खोलीतली माणसं असतात, आणि चहाच्या वेळी कोण कोणाशी बोलतं तेही असतं.

मी पुण्यात एमएस्सीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी मार्च ते जून या काळात मुलं-मुली विचारायला येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "सर, विषय कुठला घेऊ?" दहा वर्षांपूर्वी ग्राफीन हवं असायचं, मग गुरुत्वीय लहरी आल्या, आता क्वांटम. त्यांचंही चुकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर केली. पैसा जिकडे, जागा तिकडे. पण पाच-सहा वर्षांनी याच मुलांशी बोललं की विषयाची तक्रार क्वचित ऐकू येते. तक्रार असते ती माणसांची, यंत्रांची, पैशांची आणि वेळेची. विषय आवडत नव्हता म्हणून पीएचडी सोडलेले मला दोघे-तिघे आठवतात. इतर कारणांनी सोडलेल्यांची मोजदाद मी थांबवली आहे. म्हणून मी उलट विचारतो: ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे जायचं म्हणतोस, त्यांच्या मागच्या तीन विद्यार्थ्यांचं काय झालं?

आधी निवड करायला मिळते का, ते पाहू. सगळीकडे ती सारखी मिळत नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये विद्यार्थी आधी ग्रॅज्युएट स्कूलमध्ये येतो, वर्षभर कोर्सवर्क करतो, एक-दोन जणांकडे छोटे प्रोजेक्ट करतो आणि मग गाईड ठरतो. पुण्यात आयुका आणि एनसीआरए मिळून कोर्सवर्क घेतात. तिथेही गाईड नंतर. ही सगळ्यांत शहाणी पद्धत आहे असं माझं मत आहे, कारण लग्नाआधी निदान चार भेटी होतात. आयआयटीत बऱ्याच विभागांत पहिल्याच सत्रात पसंतीक्रम भरून गाईड ठरतो. मुलाखतीला आलेल्या मुलाला विभागाचे मजले नीट माहीत नसतात आणि त्याला पाच नावं लिहायची असतात.

विद्यापीठांत चित्र आणखी वेगळं. पेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा झाली, मुलाखत झाली की यादी येते: कोणाकडे किती जागा रिकाम्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम योग्यच आहेत. पण प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत तिथे त्यांचा अर्थ असा होतो की विद्यार्थी संमतीपत्राचा कागद हातात घेऊन एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये फिरतो, आणि जो हो म्हणेल तो गाईड. त्याला "ग्रुप कसा निवडावा" हे सांगणं म्हणजे रेशनच्या रांगेत उभ्या माणसाला मेनूकार्ड देणं. तरी मी त्याला एक सांगतो. होकार मिळाल्या दिवशी सही करू नकोस. दोन दिवस मागून घे आणि त्या दोन दिवसांत पुढे लिहिलेलं जमेल तेवढं कर.

आता फिजिक्समधला मोठा भेद: हाताने करायचं काम की कागदावरचं. प्रयोग करणाऱ्याचं पहिलं दुखणं म्हणजे यंत्र. ते आहे का, चालतं का, आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करतं? "मशीन येतंय" या दोन शब्दांवर मी मुलांची दोन-दोन वर्षं गेलेली पाहिली आहेत. निविदा निघते, ती रद्द होते, पुन्हा निघते. खरेदी सरकारी पोर्टलवरून करायची की बाहेरून यावर फाइल फिरते. मग खोकं कस्टम्सला अडतं. मग कळतं की खोलीत थ्री-फेजचं कनेक्शनच नाही. यात गाईडची चूक बहुधा नसते. पण त्या काळात रजिस्ट्रेशनचं घड्याळ विद्यार्थ्याचंच चालू असतं. यूजीसीच्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षांची आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा सवलत आहे. फेलोशिप मात्र पाच वर्षांनी थांबते.

उलट बाजूही आहे. नव्याने रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकाचा पहिला विद्यार्थी होणं हा जुगार आहे, पण वाईट जुगार नव्हे. रिकाम्या खोलीत ऑप्टिकल टेबल कुठे ठेवायचं इथपासून सगळं त्याच्या हातून होतं. गाईड स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन शेजारी बसलेला असतो, कारण त्यालाही कायम व्हायचं असतं. अशा लॅबमधून बाहेर पडलेली मुलं लॅब उभी करायला शिकलेली असतात, आणि ते शिकवणारं पुस्तक नाही. पहिला पेपर चौथ्या वर्षी येईल, हे पोटात घालायची तयारी हवी. ती नसेल तर दहा वर्षं चालू असलेली, पोस्टडॉक आणि तीन सिनिअर असलेली लॅब बरी.

सैद्धांतिक काम करणाऱ्याचं सगळं उलट. त्याला कागद, संगणक आणि बोलायला माणूस लागतो. इथे एकटेपणा हाच मोठा शत्रू. दोन माणसांच्या ग्रुपमध्ये गाईड वर्षभर रजेवर गेला की विद्यार्थी अर्काइव्ह या संकेतस्थळावर रोज सकाळी येणारे पेपर वाचत बसतो आणि आपण सोडून सगळं जग पुढे गेलं असं त्याला वाटू लागतं. म्हणून अशा विद्यार्थ्याने गाईडपेक्षा विभागाकडे जास्त पाहावं. आठवड्यातून किती सेमिनार होतात, त्यात विद्यार्थी प्रश्न विचारतात का, त्याच क्षेत्रातले आणखी दोन-तीन जण त्या इमारतीत आहेत का? चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची हरिश्चंद्र संस्था, बंगळुरूची आयसीटीएस इथे या बाबतीत चंगळ आहे. लहान शहरातल्या चांगल्या गाईडकडे ती नसेल. मग शाळा-परिषदांना पाठवायला तो पैसे देतो का, हे विचारायचं.

आणि महाप्रकल्प. सर्नचा सीएमएस प्रयोग, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो, उद्याचं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारं लायगो-इंडिया. सर्नच्या दोन प्रयोगांनी मिळून २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर लिहिलेल्या पेपरला पाच हजारांहून अधिक लेखक होते. अशा पेपरवर नाव आलं म्हणून आईला आनंद होईल, पण नोकरी देणारा विचारणार: यात तू काय केलंस? ज्या ग्रुपमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला याचं एका वाक्यात उत्तर देता येतं तिथे खुशाल जावं. लायगो-इंडियाला मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली, २,६०० कोटींची. मराठवाड्यात जागतिक दर्जाची वेधशाळा होते आहे, याचा मलाही अभिमान आहे. तरीही आज रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याने आपला थिसिस तिथल्या डेटावर अवलंबून ठेवू नये. तामिळनाडूत थेनीजवळ व्हायच्या न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ च्या जानेवारीत मंजुरी मिळाली होती, सुमारे दीड हजार कोटींची. स्थानिक विरोध आणि कोर्टकज्ज्यांत ती अडकली आणि डोंगरात बोगदा झालाच नाही. त्या प्रकल्पासाठी तयार झालेल्या मुलांनी सिम्युलेशन आणि छोट्या डिटेक्टरवर काम करून पदव्या मिळवल्या. हुशार मुलं होती, निभावून नेलं. पण त्यांनी वाट पाहिली होती वेगळ्याच गोष्टीची. न झालेल्या यंत्राच्या नावाने बारसं करू नये.

पैशांबद्दल आपल्याकडे बोलायला लाजतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप ७०,००० पासून सुरू होते. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा: फेलोशिप कोणाच्या नावावर आहे? नेट पास होऊन मिळालेली जेआरएफ तुमची स्वतःची. गाईडशी नाही जमलं तर नियमांत बसवून ती दुसरीकडे नेता येते. प्रोजेक्टवरची जेआरएफ गाईडच्या प्रकल्पाची. प्रकल्प सहसा तीन वर्षांचा असतो आणि पीएचडी पाच-सहा वर्षांची. चौथ्या वर्षी काय, याचं उत्तर आधी मागायचं. "बघू, काहीतरी करू" हेही उत्तरच आहे, त्याचा अर्थ समजून घ्यायचा. "मागच्याला इन्स्टिट्यूटची फेलोशिप मिळाली, कागद दाखवतो" हे खरं उत्तर. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर येणाऱ्या मुलांना तर हप्ते वेळेवर मिळावेत म्हणून आंदोलनं करावी लागली आहेत. आठ महिने पैसे न येता खोलीभाडं कसं भरायचं, हे त्या मुलांना विचारा. अशा वेळी गाईड आपल्या प्रकल्पातून चार महिने सांभाळून घेतो की "तुमचं तुम्ही बघा" म्हणतो, यावरून मला माणूस कळतो.

स्वतःची जेआरएफ असलेली मुलगी आणि प्रोजेक्टवरचा मुलगा एकाच लॅबमध्ये, एकाच टेबलावर काम करतात. पण मुलीला "नाही सर, हे मला पटत नाही" म्हणता येतं. मुलगा ते मनात म्हणतो. नेटचा अभ्यास आणखी सहा महिने करावा लागला तरी करा, असं मी सांगतो ते यासाठी.

मग माहिती मिळवायची कुठून? संस्थेच्या वेबसाइटवर ग्रुपचा फोटो असतो, सगळे हसत असतात. तो सोडून द्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं शोधगंगा हे भांडार उघडा. गाईडचं नाव टाका. विद्यापीठाचे जुने थिसिस मिळतात. पहिल्या पानांवरच्या तारखांवरून नोंदणी आणि सबमिशन यांतलं अंतर बऱ्याचदा काढता येतं. मग ऋणनिर्देश वाचा. हा थिसिसमधला एकमेव प्रामाणिक भाग, पण त्याची भाषा शिकावी लागते. "सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हे शक्य नव्हते" हे सगळेच लिहितात, त्याला किंमत शून्य. "रात्री अकरा वाजता लीक शोधायला सर आले तो दिवस" असं काही असेल तर ते सोनं. आणि गाईडला दोन ओळी, लॅबमधल्या सिनिअरला मात्र अर्धं पान, असं असेल तर खरं गाईडपण कोणी केलं ते समजून घ्यायचं. तो सिनिअर आता तिथे नाही, हेही.

पेपर पाहायचे, पण लेखकांचा क्रम समजून घेऊन. घनपदार्थ भौतिकीत, लेझरच्या कामात पहिलं नाव बहुधा राबलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं गाईडचं. पहिल्या जागी सतत पोस्टडॉक किंवा गाईड स्वतः दिसत असेल तर विद्यार्थी काय करत होते? उच्च ऊर्जा सिद्धांतात मात्र नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, तिथे पहिल्या नावावरून काहीच कळत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने आडनाव 'आ'वरून असलेल्या एका संशोधकाला याच कारणाने प्रचंड मोठा माणूस ठरवलं होतं.

एच-इंडेक्सचा मोहही आवरा. २००५ मध्ये तो काढला होर्हे हिर्श यांनी, कॅलिफोर्नियातल्या एका फिजिक्सच्याच प्राध्यापकाने. त्यातून गाईड किती गाजलेला आहे ते कळतं, शिकवतो का ते कळत नाही. आणि हेच हिर्श पुढे एका वेगळ्याच प्रकरणात चर्चेत आले. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात रंगा डायस यांच्या लॅबने खोलीच्या तापमानाला अतिवाहकता सापडल्याचा दावा 'नेचर'मध्ये केला. मूळ डेटा दाखवा, म्हणून हिर्श हात धुऊन मागे लागले. २०२० चा पेपर २०२२ मध्ये मागे घेतला गेला; २०२३ चा दुसरा पेपर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आणि तो मागे घ्या असं कळवणारे होते अकरापैकी आठ सहलेखक, ज्यांत त्याच लॅबमध्ये पीएचडीला असलेले विद्यार्थी होते. पहिल्या पेपरमधली चुंबकीय मोजमापं आपण कोणी केलीच नव्हती, असं विद्यार्थ्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. या मुलांनी जगातला सगळ्यांत गाजलेला विषय निवडला होता. ग्रुपला पैसा होता, प्रसिद्धी होती. कोणत्याही एच-इंडेक्सने त्यांना सावध केलं नसतं. "कच्चा डेटा सगळ्यांना बघता येतो का?" हा एक प्रश्न कदाचित कामाला आला असता.

त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं लॅबमध्ये, केबिनमध्ये नाही. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीबरोबर मी एका संस्थेतली अतिशीत तापमानाची लॅब पाहायला गेलो होतो. सर मीटिंगमध्ये होते, हे चांगलंच झालं. हेलियम भरणं चाललं होतं. दुसऱ्या वर्षाचा मुलगा ट्रान्सफर लाइन धरून उभा, तिच्यावर पांढरा बर्फ साचत चाललेला. पाचव्या वर्षाची ताई लेव्हल मीटरवर डोळा ठेवून "सावकाश, सावकाश, आता थांब" म्हणत होती. उकळून गेलेला वायू परत गोळा करणारी नळी कुठे आहे, ती का महत्त्वाची, हेलियम केवढ्याला पडतं, हे तिने आम्हाला न विचारता सांगितलं, आणि सांगताना मीटरवरची नजर हटवली नाही. टेबलावर लॉगबुक उघडं होतं. मी पानं उलटली. चार वेगवेगळी अक्षरं. एका पानावर: "पंप पुन्हा गळतोय." खाली दुसऱ्या अक्षरात: "ओ-रिंग बदलली, बघा." त्याखाली लाल शाईत: "छान. कुठली ओ-रिंग? साइज लिहा." ती लाल शाई सरांची. मी विद्यार्थिनीला तिथेच म्हटलं, इथे ये.

याच्या उलटही पाहिलंय. चकचकीत लॅब, नवं कोरं यंत्र, आणि शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा आम्ही काहीही विचारलं की दाराकडे बघायचा. लॉगबुक नव्हतं, "सगळं सरांच्या लॅपटॉपवर असतं." कॅन्टीनला चल म्हटलं तर म्हणाला, नको, सर विचारतील. त्यापुढे काही बोलायची गरज उरली नाही.

म्हणून विद्यार्थ्यांशी बोलायचं ते लॅबबाहेर, चहाच्या टपरीवर. "सर कसे आहेत?" असं विचारू नका, उत्तर "छान आहेत" एवढंच येणार. नेमकं विचारा. लिहिलेला मसुदा सरांकडे दिल्यावर किती दिवसांनी परत येतो? शेवटची सुट्टी कधी घेतली? घरी आजारपण झालं तेव्हा काय झालं? इथून कोणी सोडून गेलंय का, आणि त्याचा नंबर मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर जी शांतता पसरते, तिच्याकडे नीट लक्ष द्या.

मुलींना मी आणखी एक सांगतो: त्या गाईडकडे आधी किती मुली होत्या, त्यांपैकी किती पूर्ण करून गेल्या? हा प्रश्न जुना आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटींवर त्यांना घेतलं गेलं. त्या जीवरसायनाच्या. फिजिक्समधल्या ॲना मणींनी त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटावर वर्षानुवर्षं काम केलं, पाच पेपर लिहिले, प्रबंध सादर केला. एमएस्सी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएचडी दिली नाही. आता कायदा आहे, अंतर्गत तक्रार समिती आहे, २४० दिवसांची बाळंतपणाची रजा नियमात आहे. ती रजा घेतलेली मुलगी त्या ग्रुपमध्ये दाखवा म्हणावं.

श्रेयाचा मुद्दाही याला लागून येतो. जॉसलिन बेल यांनी केंब्रिजजवळच्या शेतात हातोड्याने खुंट्या ठोकत रेडिओ दुर्बीण उभारायला मदत केली, मैलोन् मैल कागदी आलेख डोळ्यांखालून घातले आणि १९६७ मध्ये पल्सार हेरला. १९७४ चं नोबेल त्यांच्या गाईडला, अँटनी हुइश यांना मिळालं. बेल बाईंनी याबद्दल कधी कडवटपणा दाखवला नाही. २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी मागे राहिलेल्या समाजगटांतल्या मुलांच्या फिजिक्स पीएचडीसाठी देऊन टाकली. सगळ्यांना इतकं मोठं मन जमेल असं नाही. आपल्या ग्रुपमध्ये पेपरवर नाव कसं लागतं, हे पहिल्या महिन्यात विचारलेलं बरं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत प्रवेश सहसा विभागात मिळतो, गाईड नंतर ठरतो. पहिली दोन वर्षं कोर्स आणि पात्रता परीक्षा. तिथे घाई करू नका, उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन वेगळ्या ग्रुपमध्ये काम करून पाहा. जर्मनीत उलट: प्राध्यापक तुम्हाला नोकरीवर ठेवतो, करार सहसा तीन वर्षांचा. तिथे तुम्ही विद्यार्थी कमी आणि कर्मचारी जास्त. जाण्याआधी व्हिडिओ कॉलवर त्या ग्रुपमधल्या एखाद्या भारतीयाशी आणि एखाद्या तिथल्याच विद्यार्थ्याशी, दोघांशी बोला. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ती तफावत समजून घ्या. अमेरिकेत २०२५ मध्ये केंद्रीय अनुदानाला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, तेव्हा "पाच वर्षांची हमी" हे शब्द पत्रात नेमके कसे लिहिलेत तेही वाचून घ्यावं.

निवड चुकली तर? चुकते. माझीच चुकली होती. दीड वर्ष मी एका ग्रुपमध्ये काढलं, जिथे दर सोमवारी नवा विषय मिळायचा आणि शुक्रवारी तो रद्द व्हायचा. सोडायचं ठरवलं तेव्हा वडील म्हणाले, "एवढं केलंस तर पूर्ण कर." ऐकलं नाही. दुसऱ्या गाईडकडे पहिल्यापासून सुरुवात केली, एकूण सात वर्षं लागली. ते दीड वर्ष वाया गेलं असं लोक म्हणतात. राहिलो असतो तर सातही गेली असती. गाईड बदलण्याची तरतूद बहुतेक ठिकाणी असते. संशोधन सल्लागार समिती असते, तिच्यात गाईडशिवायही माणसं असतात. त्यातल्या एकाशी पहिल्या वर्षापासून बोलणं ठेवा. संकट आल्यावर ओळख काढायला गेलं तर ते तक्रारीसारखं दिसतं. आणि बदल करायचा तर दुसऱ्या वर्षाच्या आत. चौथ्या वर्षी मात्र दात-ओठ खाऊन पूर्ण करावं, हेच बरं असतं.

शेवटी एक विनंती, आणि ती निवडणाऱ्यांना नाही. या सगळ्या लेखात मी मुलांना जे जे विचारायला सांगितलं, त्याचं उत्तर पीएचडी होऊन गेलेल्यांकडे आहे. तुम्ही आता बेल्जियममध्ये पोस्टडॉक असाल, नाशिकला कॉलेजात शिकवत असाल किंवा हिंजवडीत डेटा सायंटिस्ट झाला असाल. अनोळखी मुलीची मेल येते: "तुमच्या जुन्या ग्रुपबद्दल दहा मिनिटं बोलता येईल का?" वाईट लिहायचं नाही म्हणून तुम्ही उत्तर देत नाही. लिहू नका. तिचा नंबर मागून घ्या आणि रविवारी फोन करा.